शोभेचा अ

सर, तुमच्याबद्दल मला कधीच आदर वाटला नाही. माणूस गेला की तो निदान शोकसभेपुरता तरी मोठा होतो, पण तुम्हाला जाऊन बारा-तेरा वर्षं झाली आणि माझ्या मनात तुम्ही होतात तेवढेच आहात. बुटके, खाकी शर्ट घातलेले, खिशात कानस खोचलेले, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या हातांकडे बघणारे. तुम्ही गेल्याचं मला शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. माझ्या आधी सत्तावीस जणांनी हात जोडले होते. मी वरच्याचा मेसेज कॉपी केला, खाली चिकटवला आणि मीटिंगला गेलो. तेव्हा हे पत्र म्हणजे आदरांजली वगैरे आहे असं समजू नका. या वर्षी हिवाळ्याची तयारी करताना तुम्ही सतत माझ्या पाठीमागे उभे होतात, आणि मी तुम्हाला बोलावलेलं नव्हतं, म्हणून लिहितोय.

तुम्ही शिकवायचात तो विषय म्हणजे कार्यानुभव. ज्याला मार्क नाहीत, नुसती ग्रेड असते, तो. वेळापत्रकात तो शनिवारी शेवटच्या तासाला असायचा आणि गणिताच्या बाईंना जास्तीचा तास हवा असला की पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडायची. तुम्ही वर्गाच्या दारात येऊन उभे राहायचात, बाई आतूनच म्हणायच्या, "आज मी घेते हं," आणि तुम्ही निमूट परत जायचात. आम्ही हुशार तुकडीतली, स्कॉलरशिपला बसणारी मुलं. आम्हाला तुमची दया यायची असं लिहायला मला आवडलं असतं, पण दया यायची नाही, हसू यायचं. तुमच्या भुवयांत कायम लाकडाचा भुसा अडकलेला असायचा म्हणून आम्ही तुमचं नाव भुसा ठेवलं होतं. तुमच्या तासाला केलेले खडू साच्यातून कधी अखंड निघाले नाहीत. मेणबत्त्या निघायच्या त्या वाकड्या. शाळेमागच्या वाफ्यात लावलेली वांगी तेवढी छान यायची, आणि ती तुम्ही घरी नेता अशी आमची सगळ्यांची खात्री होती. तुम्हाला घर नव्हतं, तुम्ही शाळेच्या वसतिगृहात एका खोलीत राहायचात, म्हणजे ती वांगी वसतिगृहातल्या मुलांच्या ताटात जात असणार, एवढा हिशेब हुशार तुकडीतल्या एकालाही जमला नाही.

त्या वसतिगृहाचा स्वयंपाक तेव्हा लाकडांवर व्हायचा. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा संपली की सुट्टी लागायच्या आधी तुम्ही सातवीच्या मुलांना मागच्या अंगणात न्यायचात आणि पावसाळ्याचं सरपण रचून घ्यायचात. माझ्या बाबांना हे कळलं तेव्हा त्यांचं डोकं फिरलं. आमचा मुलगा शाळेत हमाली करायला येतो काय, म्हणाले, आणि ओळखीच्या डॉक्टरांकडून एक चिठ्ठी घेऊन आले. धुळीची अ‍ॅलर्जी. मला कसलीही अ‍ॅलर्जी नव्हती, आजही नाही. तुम्ही ती चिठ्ठी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलीत, घडी घालून माझ्याच खिशात परत ठेवलीत आणि म्हणालात, "बरोबर आहे. हा शोभेचा माल आहे. सावलीत ठेवा रे याला." मुलं खो खो हसली. मी दोन दिवस वसतिगृहाच्या पायरीवर बसून होतो, मांडीवर कुठल्याशा प्रज्ञा परीक्षेचं पुस्तक, कान लाल. मला तुमचा इतका राग आला होता की पुस्तकातलं एकही गणित सोडवलं नाही. दोन दिवस नुसता तुमच्याकडे बघत होतो.

आणि तुम्ही काय करत होतात, तर थप्पी लावत होतात. खाली विटा, विटांवर दोन लांब वासे, म्हणजे लाकूड जमिनीला टेकायला नको. दोन्ही टोकांना आडवी-उभी रचून खांब केलेले, मधली सगळी लाकडं एका दिशेने, साल वरच्या अंगाला, प्रत्येक दोन लाकडांमधून बोटं जातील एवढी फट. वर पत्रा, आणि चारी बाजू उघड्या. इतिहासाचे सर तिथून चालले होते. ते म्हणाले, "अहो, झड आत येईल की. प्लास्टिक गुंडाळा सगळीकडून." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पाऊस लागला तर दोन दिवसांत वाळतं. कोंडलं तर त्याला आतल्या आत घाम येतो." इतिहासाचे सर आमच्याकडे बघून हसले. मीही पायरीवरून हसलो. लाकडाला म्हणे घाम.

आता मी कुठे आहे ते सांगतो. ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या बाहेर. गुंगालिन नावाच्या उपनगराची शेवटची नवी घरं मागे पडली की तिथून गाडीने चाळीस मिनिटं, दहा एकरांचा उतार, त्यावर फळ्यांचं एक जुनं घर. घरात ऊब हवी असेल तर लाकडाची एक लोखंडी शेगडी आहे, दुसरं काही नाही. वीस वर्षं मी इथल्या सरकारी खात्यांना सॉफ्टवेअर करून दिलं. नेमकं काय करून दिलं हे मला आता सांगता येणार नाही, आणि त्या खात्यांनाही येणार नाही. मग लॉकडाउनमध्ये घरी बसून व्हिडिओ बघायचा नाद लागला. गव्हाळ रंगाचे एप्रन घातलेल्या, नखात मातीचा कण नसलेल्या बायका जमिनीत बटाटे शोधतात आणि स्वतःशीच हसतात. याला होमस्टेडिंग म्हणतात. आपलं आपण पिकवायचं, आपलं आपण साठवायचं, हिवाळ्याची बेगमी करायची. आपल्याकडे याला घर चालवणं म्हणतात आणि ते करणाऱ्या बाईला कुणी लाइक देत नाही. पण मला ते भलतंच खोल वगैरे वाटलं. पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं नाही तेव्हा मी ते मिळवायचा प्रयत्नच केला नाही, आणि बायकोच्या पगारावर निसर्गाकडे परत गेलो. ती रोज पहाटे गाडीने गुंगालिनला जाते, तिथून लाइट रेलने ऑफिसला. निसर्ग तिला आरशातून मागे जाताना दिसतो. इथल्या मराठी मंडळातले मित्र रविवारी येतात, नवे कोरे बूट घालून कोंबड्यांबरोबर फोटो काढतात, अंडी घेतात आणि "यार, तू खरा जगतोयस," असं म्हणून चारच्या आत हीटरवाल्या घरी पळतात. बाबा पुण्यात सगळ्यांना सांगतात की मुलगा फार्महाऊसवर असतो.

इथला हिवाळा जूनमध्ये येतो, आणि गडबड तिथेच झाली. जून म्हटलं की माझ्या अंगाला एकच गोष्ट माहीत आहे. बाल्कनीला प्लास्टिक, छपराला ताडपत्री, सगळीकडून नीट खोचून घ्यायचं, एक थेंब आत जाता कामा नये. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी एक ट्रेलरभर लाकूड आणलं. ओलं होतं, पण ते मला कळलं नाही. लाकूड म्हणजे लाकूड. घरामागे जमिनीवरच रास घातली, वरून दोन मोठ्या निळ्या ताडपत्र्या, चारी बाजूंनी खाली खोचून नायलॉनच्या दोरीने आवळून बांधल्या. त्या गाठोड्याचा फोटो ग्रुपवर टाकला. ‘बेगमी झाली’ असं खाली लिहिलं, आणि लोकांनी टाळ्या पाठवल्या. पलीकडच्या टेकडीवर सत्तरीचा एक म्हातारा राहतो, जन्म इथेच गेलेला. तो आपली यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, थांबवून बराच वेळ ते बघत राहिला आणि म्हणाला, "लव्हली रॅपिंग, मेट. हू'ज इट फॉर?" मला ते कौतुक वाटलं. मी थँक्स म्हणालो.

जूनमध्ये ताडपत्री सोडली तेव्हा आतून ताकासारखा आंबट वास आला. सालीवर पांढरी बुरशी, खालचा थर काळा पडलेला, आणि निळ्या कापडाच्या आतल्या अंगाला पाण्याचे थेंब, रांगेने. घाम, सर. मला तेव्हाच तुमचं वाक्य आठवायला हवं होतं. आठवलंही असेल, मी त्याला जवळ येऊ दिलं नाही. ते लाकूड शेगडीत घातलं की सुं सुं करायचं, टोकाला फेस यायचा, घरभर धूर, आणि ऊब म्हणाल तर मांजरालाही पुरणार नाही एवढी. एका सकाळी उणे सहा झालं आणि बाहेरच्या भिंतीवरचा पाइप फुटला. मुलगी पंधरा वर्षांची आहे. ती रजई गुंडाळून दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आय कॅन सी माय ब्रेथ, बाबा. इन माय ओन रूम." बायको भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने दोन बॅगा भरल्या आणि दोघी गुंगालिनला तिच्या मैत्रिणीकडे राहायला गेल्या. आठ आठवडे. मी इथे कोंबड्या सांभाळत जाकिटावर जाकीट घालून बसलो होतो, आणि फोनवर सांगत होतो की आता पुष्कळ सुधारणा आहे.

सप्टेंबरमध्ये त्या परत आल्या. पहिल्याच संध्याकाळी भाजी चिरता चिरता बायको म्हणाली, "हे बघ, मी तुला आणखी एक विंटर देते. अँझॅक डेला तू शेगडी पेटवायचीस. नीट पेटली, घर गरम झालं, तर राहू. नाही तर गुंगालिनला रेंटल बघायचं, आणि मग तू यायचं की इथेच बसायचं ते तुझं तू ठरव." अँझॅक डे म्हणजे एप्रिलच्या शेवटी येणारी सैनिकांच्या स्मरणाची सुट्टी, कितीही कुडकुडलं तरी त्याआधी घरात हीटर लावायचा नाही, असा कॅनबेराच्या लोकांचा एक हट्ट आहे. "आणि ते व्हिडिओ बघून काही करू नकोस," ती म्हणाली. "तुला खरंच काय येतं, ते कर." मला खरंच येत होतं असं काही सापडेना.

म्हाताऱ्याच्या माळावर यलो बॉक्स नावाच्या निलगिरीचं एक झाड दोन वर्षांपासून उन्मळून पडलेलं होतं. माझी कीव करून मला दिलं त्याने. स्वतःच यंत्राने ओंडके पाडून दिले आणि म्हणाला, फोडायचे तू. यलो बॉक्स फोडणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगून कळायचं नाही, तुमचा आपला बाभळीपर्यंतचा अनुभव. पहिल्या दिवशी कुऱ्हाड लाकडावरून उडून माझ्या बुटापाशी पडली. दुसऱ्या दिवशी बोथट झाली. तिसऱ्या दिवशी मी कानस विकत आणली, घासायला लागलो, मागे-पुढे, मागे-पुढे, आणि तुम्ही बोललात. "पुढे जाताना चावते, येताना उचलायची. चटणी वाटतोयस का?" स्पष्ट तुमचा आवाज, तोच तंबाखू भरलेला. हे तुम्ही मला म्हणाला नव्हतात, माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलाला म्हणाला होतात. मी तेव्हा तुमच्या तासाला डब्याच्या झाकणावर चिकटवलेले इंग्रजी शब्द पाठ करत होतो. मला इतका संताप आला की मी कानस खाली ठेवली आणि चहा करायला आत गेलो. परत आलो आणि येताना उचलायला लागलो. अर्ध्या तासात धार आली.

थप्पीचंही तसंच. विटा मांडल्या, वासे ठेवले, टोकांना खांब उभे केले, आणि मधे लाकडं लावायला घेतली तेव्हा माझ्या लक्षात आलं की पुढची पायरी कुठली असा विचार मला करावा लागत नाहीये. साल वर. बोटं जातील एवढी फट. पश्चिमेला तोंड, कारण इथला वारा तिकडून येतो. ते मात्र माझं मी बघितलं, तुम्हाला श्रेय नाही. वर पत्रा, बाजू उघड्या. हात सोलले, पाठ धरली, आणि तुम्ही मागे उभे राहून एकदाही बरं म्हणाला नाहीत. तुम्ही कुणालाच कधी बरं म्हणाला नाहीत. शिकवण्याची ही काय पद्धत झाली हो? ज्याला येत नाही त्याला हिणवायचं, ज्याला येतं त्याच्याकडे बघायचंही नाही, आणि वर्गात एक मूल घाबरून कोपऱ्यात बसलं तर त्याला तसंच बसू द्यायचं. तुम्हाला लाकूड कळायचं आणि मूल कळायचं नाही. शिवाय सगळं कळायचं असंही नाही. पाइपांना फोमच्या नळ्या घातल्या, दारांच्या फटीत पट्ट्या लावल्या, टाकीचा नळ जुन्या गोधडीत गुंडाळला, तेव्हा तुम्ही गप्प होतात. कार्यानुभवच्या अभ्यासक्रमात उणे सहा नव्हतं.

आता त्या पाटाबद्दल. तो विषय टाळता आला असता तर मी टाळला असता. आठवीत वर्षअखेरीला प्रत्येकाने स्वतः केलेली एक वस्तू द्यायची होती, माझ्या वाट्याला पाट आला होता. जेवायला बसायचा साधा पाट. बाबांनी सुताराकडून करून आणला. त्यावर सनमायका लावलेला होता, फुलाफुलांचा. तुम्ही तो हातात घेतलात, उलटा केलात, खालून बराच वेळ बघितलात. मग विचारलंत, "तू केलास?" मी म्हणालो, "हो सर." "किती खिळे मारलेस?" मी म्हणालो, "आठ." तुम्ही पाट माझ्यापुढे धरलात. त्यात एकही खिळा नव्हता. खाचा पाडून बसवलेला होता, चांगल्या सुताराचं काम. तुम्ही वहीत ‘क’ लिहिलात आणि पुढच्या मुलाला हाक मारलीत. मी घरी जाऊन बाबांना सांगितलं की कार्यानुभवचे सर माझ्यावर डूख धरून आहेत. बाबा दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांकडे गेले, मलाही घेऊन गेले. स्कॉलरशिपच्या यादीत आलेला मुलगा, त्याच्या प्रगतिपुस्तकावर क? मुख्याध्यापकांनी तुम्हाला बोलावून घेतलं. आम्ही खुर्च्यांवर बसलो होतो, तुम्ही उभे होतात. बाबा माझ्या हुशारीबद्दल दहा मिनिटं बोलले. मुख्याध्यापक म्हणाले, "अहो, तुमच्या विषयासाठी मुलाचं नुकसान कशाला?" तुम्ही एकदाच माझ्याकडे बघितलंत, म्हणजे माझ्या हातांकडे. मग रजिस्टर उघडून क खोडलात, वर अ लिहिलात, बाजूला सही केलीत आणि म्हणालात, "घ्या. शोभेचा अ." बाबांना ते कळलं नाही, ते थँक्यू म्हणाले. मला कळलं, आणि मी हसलो. जिंकल्यासारखा. चौदा वर्षांचं पोर होतो वगैरे मी म्हणणार नाही. मला सगळं समजत होतं.

आणि सर, तुम्ही तरी का खोडलात? पाटात खिळा नाही एवढं एक वाक्य तुम्ही त्या खोलीत बोलला असतात तर मी संपलो होतो. तुम्ही ते बोलला नाहीत. नोकरीची भीती असेल, किंवा आमच्यासारख्यांशी वाद घालणंही तुम्हाला कमीपणाचं वाटलं असेल. मला वाटतं यातलं दुसरं कारणच खरं असणार. मी तुमची जेवढी टर उडवत होतो तेवढेच तुम्ही मला तुच्छ समजत होतात, फक्त तुमच्याकडे कारण होतं. हे लिहितानाही माझी मान ताठ आहे आणि मला तिचा काही उपयोग दिसत नाही.

मार्च-एप्रिल असेच गेले. स्वयंपाकघर बायकोने चालवलं, शनिवार-रविवारी, बाकीचे पाच दिवस ऑफिस करून. टोमॅटो संपत आले तसा त्यांचा ठेचा करून भरला, हिरवे राहिले त्यांची चटणी, भोपळे शेडमध्ये फळीवर, बिही नावाच्या तुरट फळांचा मुरांबा, लिंबं मिठात. मी एकदा कौतुकाने म्हणालो की हेच ते, यालाच प्रिझर्व्हिंग म्हणतात. ती झारा हातात धरून म्हणाली, "माझी आई आयुष्यभर लोणची घालत आली, तिला कुणी सबस्क्राइब केलं नाही. तू जा, लाकडं बघ." मुलगी टेबलाशी बसून होती. तिने इअरफोन काढला, "बर्न," म्हणाली, म्हणजे बापाला झोंबलं, आणि परत घातला. त्या घरात त्या दिवसांत मी सगळ्यात कनिष्ठ होतो, कोंबड्या धरून. तक्रार नाही, असायला हवं तसंच होतं. पण बायकोच्या फोनवर गुंगालिनच्या एका घराचे फोटो होते, लाइट रेलच्या स्टॉपपासून पाच मिनिटं, आणि ती ते अधूनमधून उघडून बघायची, लपवून नाही, माझ्यासमोर.

अँझॅक डेला दुपारपासून आभाळ स्वच्छ होतं, म्हणजे थंडी पडणार. चारच्या सुमाराला मी थप्पीवरची लाकडं आत आणली. बायको सोफ्यावर बसली होती, लोकरीची टोपी, जाकीट, हातमोजे, सगळं मुद्दाम घालून, मांडीवर फोन. शनिवारी त्या घराचं इन्स्पेक्शन होतं. मुलगीही लॅपटॉप घेऊन येऊन बसली. मला वाटतं तिला बघायचं होतं मी कसा पडतो ते. मी दोन लाकडं एकमेकांवर आपटून बघितली. खणखणीत वाजली. सालपटं खाली, बारीक ढलप्या त्यावर, मग मनगटाएवढी दोन, मधे हवेला वाट. एक काडी ओढली. सालपटं पेटली, ढलप्या तडतडल्या, आणि मग ती मोठी लाकडं कसलाही आवाज न करता पेटली. फेस नाही, सुं सुं नाही, खोलीत धूर नाही. साडेपाचला बायकोने हातमोजे काढले. सहाला टोपी. थोड्या वेळाने मी मागे वळून बघितलं तर जाकीट खुर्चीवर होतं आणि मुलगी पायमोजे काढून जमिनीवर पालथी पडून टाइप करत होती. बायको उठली, आतल्या खोल्यांतून एक चक्कर मारून आली, मुलीच्या खोलीतली भिंत हाताने बघून आली. मग फोनवर काहीतरी केलं आणि म्हणाली, "शनिवारचं कॅन्सल केलंय. जुलैपर्यंत तरी इथे आहोत." मला एकदम रडू यायला लागलं, म्हणून मी शेगडीचं दार उगाच उघडून परत लावलं.

ती माझ्या शेजारी येऊन उकिडवी बसली. बऱ्याच दिवसांनी तिचा आवाज मऊ होता. "कुठे शिकलास रे हे? गेल्या वर्षी तर तुला काहीच येत नव्हतं." तिने खरंच विचारलं होतं, टोमणा नव्हता. सांगायला तुम्ही होतात. पण तुम्ही म्हटलं की पायरी आली, चिठ्ठी आली, पाट आला, मुख्याध्यापकांची खोली आली, आणि तिच्या तोंडावर इतक्या महिन्यांनी जे काही आलं होतं ते मला तसंच राहायला हवं होतं.

"यूट्यूबवर," मी म्हणालो.

ती हसली. "व्हिडिओ बघू नकोस म्हटलं होतं ना मी?" मुलीने जमिनीवरून मान वर केली. "विच चॅनल? बाबा, सेंड मी द लिंक. माझा स्कूलचा प्रोजेक्ट आहे, ट्रॅडिशनल स्किल्सवर. आय'ल डू युअर वुडपाइल. सोर्स साइट करावा लागतो." मी म्हणालो, पाठवतो.

तिने थप्पीचे फोटो काढले आहेत, चारी बाजूंनी. टोकांच्या खांबांचं चित्र काढलं आहे, बाण दाखवून. शुक्रवारी द्यायचं आहे आणि सोर्सची ओळ कोरी आहे. तिने दोनदा आठवण केली. काल मी खरोखरच बसून एखादा बरा व्हिडिओ शोधत होतो, तिला द्यायला. तुमचं नाव देऊ म्हणावं तर ते मला माहीत नाही. वेळापत्रकात तुमच्या नावाची दोन अक्षरं असायची, आणि तुम्ही गेल्याच्या मेसेजमध्येही नुसतं ‘कार्यानुभवचे सर’ होतं. ग्रुपवर विचारलं तर कुणीतरी सांगेल, पण का विचारतोयस, असंही कुणीतरी विचारेल. हे पत्रच तिच्यापुढे ठेवलं तर सगळं एकदम मिटेल. पण तिला मराठी वाचता येत नाही. बोललेलं सगळं कळतं, अक्षर एकही येत नाही. दर सुट्टीत शिकवायचं ठरवून आम्ही कधी शिकवलं नाही, याचं मला एरवी वाईट वाटतं. आज टेबलाशी तिच्या समोरच बसून मी हे सगळं लिहिलं, ती दोनदा पानावरून नजर फिरवून गेली, आणि तिला वाचता येत नाही याचा मला आनंद झाला.